सीडी१ वर काम सुरू करताय? टी सेल नंतर बघू, आधी लिपिड सांभाळायला शिका

सीडी१ म्हणजे टी सेलला लिपिड, म्हणजे चरबीसारखे रेणू, दाखवणारी प्रोटीन्स; एमएचसी हेच काम पेप्टाइडचं, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांचं, करतं. लॅबमध्ये नवीन आलेलं पोर पहिल्याच आठवड्यात विचारतं, "ताई, सीडी१ म्हणजे एमएचसीचंच भावंड ना, मग पेप्टाइडच्या जागी लिपिड टाकायचं आणि बाकी प्रोटोकॉल तोच, बरोबर?" मी नुसती हसते, कारण मीही हेच धरून चालले होते आणि त्यात माझे चांगले चार-पाच महिने गेले. पेप्टाइड पाण्यात विरघळतं आणि लिपिड विरघळत नाही, फरक म्हटला तर एवढाच, पण त्यापायी ट्यूबपासून टिपपर्यंत सगळं बदलतं. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना एमएचसी, टीसीआर (टी सेलचा रिसेप्टर), फ्लो सायटोमेट्री एवढं माहीत आहे पण सीडी१ नवीन आहे त्यांच्यासाठी आहे.

पायरी १: घरातली माणसं ओळखा

माणसात सीडी१ ची पाच प्रोटीन्स आहेत, ए, बी, सी, डी आणि ई. एचएलएची (माणसाच्या एमएचसीची) जीन्स ६ नंबरच्या क्रोमोसोमवर असतात, यांची १ नंबरवर. बाहेरून बघितलं तर एमएचसी क्लास १ सारखीच दिसतात, एक हेवी चेन आणि तिला चिकटलेलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, त्यामुळे नवीन माणूस फसतो.

नावातला १ का, तर १९७९ मध्ये मॅकमायकल, मिलस्टीन वगैरे मंडळींनी माणसाच्या थायमोसाइटवर एक मोनोक्लोनल अँटीबॉडी काढली, आणि १९८२ मध्ये पॅरिसच्या वर्कशॉपमध्ये ल्युकोसाइटवरच्या मॉलिक्युल्सना नंबर वाटले तेव्हा पहिला नंबर हिच्या टार्गेटला मिळाला. नंबर पहिला लागला पण काम काय ते कुणालाच माहीत नव्हतं. १९८९ मध्ये टी सेल्स सीडी१ ओळखतात हे कळलं आणि १९९४ मध्ये ब्रेनरच्या ग्रुपनं दाखवलं की सीडी१बी टीबीच्या जंतूचं मायकोलिक ॲसिड टी सेलला दाखवतं, म्हणजे चक्क एक लिपिड. तोपर्यंत टी सेल म्हणजे पेप्टाइड हेच डोक्यात बसलं होतं सगळ्यांच्या.

पहिला ग्रुप ए, बी, सी. दुसरा ग्रुप एकटा डी. ई तिसरा, आणि तो वेगळाच प्राणी आहे, सेलच्या पृष्ठभागावर येऊन टी सेलला काही दाखवत नाही, लायसोसोममध्ये राहून दुसऱ्यांसाठी लिपिडची काटछाट करायला मदत करतो. कुठं सापडतात ते पाठच करा: सीडी१ए त्वचेतल्या लँगरहान्स सेलवर भरपूर, सीडी१सी बी सेल्सवर आणि डेंड्रिटिक सेलच्या एका प्रकारावर, सीडी१बी मुख्यतः डेंड्रिटिक सेल्सवर, आणि सीडी१डी बी सेल, मोनोसाइट, डेंड्रिटिक, लिव्हर, आतड्याचं अस्तर असं बऱ्याच ठिकाणी. कोवळ्या थायमोसाइटवर तर जवळजवळ सगळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. उंदरात फक्त सीडी१डी असतं. ए, बी, सी त्याच्याकडे नाहीतच. त्यामुळे "आधी उंदरात करून बघू" हे सीडी१बी च्या प्रोजेक्टमध्ये चालत नाही, माणसाची जीन्स घातलेला ट्रान्सजेनिक उंदीर लागतो नाहीतर गिनीपिग, त्याच्याकडे पहिल्या ग्रुपची मंडळी आहेत. प्रोजेक्ट लिहिण्याआधी हे बघा, लिहून झाल्यावर नको.

पायरी २: खिसा समजून घ्या

एमएचसीची खाच उघडी असते, पेप्टाइड तिच्यात आडवं पडतं. सीडी१ ची खाच खोल, अरुंद आणि आतून तेलकट, म्हणजे पाण्याला नको म्हणणाऱ्या अमिनो ॲसिड्सनी मढवलेली. १९९७ मध्ये इयन विल्सनच्या लॅबनं उंदराच्या सीडी१डी चं क्रिस्टल स्ट्रक्चर काढलं तेव्हा हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. लिपिडची शेपटी आत खिशात जाते आणि डोकं, म्हणजे साखर किंवा फॉस्फेट वगैरे, बाहेर राहतं, टीसीआर ते डोकं आणि सीडी१ चा वरचा भाग मिळून वाचतो.

खिसे सारखे नाहीत. सीडी१ए चा साधारण १३०० घन अँगस्ट्रॉम, सीडी१बी चा २२०० च्या आसपास, आणि सीडी१बी मध्ये एक आरपार बोगदा पण आहे, त्यामुळेच ६०-८० कार्बनचं लांबलचक मायकोलिक ॲसिड तिथं मावतं. तुमचं लिपिड किती लांब आहे यावरून कुठला सीडी१ ते धरू शकेल याचा अंदाज कागदावरच येतो, रिएजंट मागवण्याआधी एकदा कार्बन मोजा.

एक उदाहरण जवळून बघू. ग्लुकोज मोनोमायकोलेट म्हणजे मायकोलिक ॲसिडच्या डोक्यावर एक ग्लुकोज. सीडी१बी वरचं हे लिपिड ओळखणारी टी सेल लाइन आहे, तिला ग्लुकोजच्या जागी गॅलॅक्टोज दिलं, म्हणजे फक्त एक हायड्रॉक्सिल वरचा खाली झाला, तर ती ढुंकून बघत नाही. पण शेपटी ८० कार्बनची द्या की ३२ ची, ओळखते. म्हणजे डोक्याच्या बाबतीत अतिशय चोखंदळ आणि शेपटीच्या बाबतीत उदार. टीबीचा जंतू असल्या शेपट्या वेगवेगळ्या लांबीच्या बनवतो, तेव्हा हा उदारपणा कामाचाच आहे.

आणि याच्या अगदी उलट सीडी१ए. तिथं काही लिपिड्सना डोकंच नसतं, स्क्वालीन, वॅक्स एस्टर असली त्वचेवरची तेलं. ती खिशात पूर्ण गडप होतात आणि टी सेल सीडी१ए चा रिकामा माथाच ओळखतो, मोठ्या डोक्याचं लिपिड आत असेल तर ते मध्ये येतं म्हणून उलट रिस्पॉन्स थांबतो. पॉयझन आयव्हीच्या पुरळामागचं उरुशिऑल पण सीडी१ए वरून टी सेलपर्यंत पोचतं. त्यामुळे सीडी१ए वर काम करणार असाल तर "अँटिजेन कुठला" हा प्रश्न जरा जपून विचारा.

पायरी ३: लिपिड खिशात शिरतं कुठं

सेलच्या आत सीडी१ फिरत असतं. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये तयार होतं, तिथलंच कुठलंतरी स्वतःचं लिपिड घेऊन पृष्ठभागावर येतं, मग परत आत जातं आणि एंडोसोममध्ये लिपिडची अदलाबदल होते. बी, सी, डी यांच्या शेपटाकडे टायरोसिनचा एक सिग्नल असतो जो त्यांना आत ओढतो, ए कडे तो नाही, म्हणून ए पृष्ठभाग आणि सुरुवातीच्या एंडोसोमच्या आसपासच घुटमळतं, बी पार लायसोसोमपर्यंत जातं. लायसोसोममध्ये ॲसिड असतं, सॅपोसिन नावाची छोटी प्रोटीन्स असतात जी मेम्ब्रेनमधून लिपिड उपटून खिशात सरकवतात.

हे थिअरी म्हणून सोडून देऊ नका, प्रयोगात याचा थेट उपयोग आहे. ३२ कार्बनचं ग्लुकोज मोनोमायकोलेट पृष्ठभागावरच पटकन लोड होतं, ८० कार्बनचं सेलच्या आत जाऊनच. तेव्हा थोडे एपीसी (अँटिजेन दाखवणारे सेल्स) आधीच ग्लुटराल्डिहाइडनं फिक्स करून ठेवा आणि त्यांच्यावर लिपिड टाकून बघा. रिस्पॉन्स टिकला तर आत जायची गरज नव्हती, गेला तर होती. एका दुपारचं काम आहे.

पायरी ४: सुरुवात डी पासून करा, बी चा मोह असला तरी

पहिला प्रयोग सीडी१डी, अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड आणि आयएनकेटी सेल्स यांच्यावरच करा असं माझं स्पष्ट मत आहे. अल्फा-गॅलसर म्हणतात त्याला लॅबमध्ये. मूळ कुठलं तर समुद्रातल्या स्पंजचं, अगेलास मॉरिशिआनस. किरिन या बिअरवाल्या कंपनीचे लोक ट्यूमरविरुद्ध काही मिळतंय का शोधत होते, त्यातून हे रेणू आले, आणि १९९७ मध्ये तानिगुचीच्या ग्रुपनं दाखवलं की हे सीडी१डी वरून आयएनकेटी सेल्सना चेतवतं.

आयएनकेटी म्हणजे ज्यांचा टीसीआर जवळजवळ ठरलेला असतो असे टी सेल्स, माणसात व्ही-अल्फा २४, जे-अल्फा १८ आणि बहुतेक वेळा व्ही-बीटा ११, उंदरात व्ही-अल्फा १४, जे-अल्फा १८. सगळ्यांमध्ये सारखाच, म्हणून डोनर कुठलाही घ्या तोच टेट्रामर (लिपिड भरलेल्या चार सीडी१डी चा रंगीत गट, त्याला धरणारे टी सेल्स फ्लोवर दिसतात) चालतो. इतका खणखणीत पॉझिटिव्ह कंट्रोल सीडी१ च्या जगात दुसरा नाही. अल्फा-गॅलसरनं रिस्पॉन्स आला नाही तर दोष तुमच्या हाताचा किंवा सिस्टिमचा, बायोलॉजीचा नाही, आणि हे कळणं शिकण्यासाठी फार मोलाचं असतं.

पायरी ५: लिपिड हाताळणं (इथं घाई करू नका)

खरा लेख इथून सुरू होतो म्हणा ना.

लिपिड येतं ते पावडर म्हणून किंवा क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये, बऱ्याचदा २:१. हे मिश्रण प्लास्टिकला लागू द्यायचं नाही. पॉलिस्टायरिनची ट्यूब तर डोळ्यांदेखत पांढरी होऊन चिकट होते, पण ती परवडली, निदान दिसते तरी. पॉलिप्रॉपिलीनची ट्यूब जशीच्या तशी दिसते आणि आतून गुपचूप प्लास्टिकमधली केमिकल्स सोडत राहते, ती तुमच्या लिपिडबरोबर सुकतात आणि सेल्सवर जातात. माझे ते चार-पाच महिने इथंच गेले: जंतूच्या एका एक्स्ट्रॅक्टला प्रत्येक डोनरमध्ये झकास रिस्पॉन्स येत होता, मी हवेत होते, मग सीनिअरनं विचारलं की नुसतं सॉल्व्हंट त्याच ट्यूबमध्ये सुकवून टाकलंस का कधी. टाकलं. तेवढाच रिस्पॉन्स आला. त्या दिवसापासून काचेशिवाय मी कशाला हात लावत नाही, दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पिते.

तर काचेची व्हायल, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, आणि मोजायला काचेची सिरिंज. झाकणावर पॅराफिल्म गुंडाळायची सवय असेल तर सोडा, क्लोरोफॉर्ममध्ये पॅराफिल्म विरघळते. सगळं फ्यूम हूडमध्ये. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज क्लोरोफॉर्मला फार वेळ अडवत नाहीत, थेंब पडला तर लगेच बदला, "नंतर बदलते" करू नका.

व्हायलवर बाहेरून मार्करनं पातळीची रेघ मारून ठेवा. क्लोरोफॉर्म उडून जातं, महिन्याभरानं रेघेच्या खाली पातळी दिसली तर तुमचं कॉन्सन्ट्रेशन वाढलेलं आहे आणि मागच्या वेळेपेक्षा डोस जास्त पडणार आहे. एवढीशी रेघ, पण तिनं मला कितीदा वाचवलंय. साठवण -२० अंशावर, आणि लिपिडमध्ये डबल बाँड जास्त असतील तर बंद करण्याआधी नायट्रोजन किंवा अर्गॉन सोडा, नाहीतर ऑक्सिडाइज होतं.

प्रयोगाच्या दिवशी लागेल तेवढं काचेच्या ट्यूबमध्ये घ्या, नायट्रोजनच्या हलक्या झोतात सुकवा, ट्यूब तिरकी धरून फिरवत राहिलात तर तळाशी पातळ थर बसतो, एका जागी गठ्ठा झाला की तो नंतर सुटत नाही. सॉल्व्हंटचा वास पूर्ण गेला पाहिजे, जरासं क्लोरोफॉर्म राहिलं तरी सेल्स मरतात. मग मीडियम घाला आणि कोमट पाण्याच्या बाथ सॉनिकेटरमध्ये ठेवा. द्रव किंचित दुधट झाला पाहिजे. स्वच्छ पाण्यासारखं दिसतंय आणि काचेवर थर तसाच आहे, तर लिपिड उतरलेलंच नाही, तुम्ही नुसतं मीडियम टाकणार आहात. ट्यूब उजेडात धरून बघा, खरंच बघा.

अल्फा-गॅलसर सहसा डीएमएसओमध्ये करतात. ते सहज विरघळत नाही, ८० अंशापर्यंत थोडा वेळ गरम करून सॉनिकेट करावं लागतं, आणि फ्रीजरमधून काढल्यावर दर वेळी परत गरम करायचं कारण थंडीत ते खाली बसतं. वरचं घेतलंत तर डोस शून्य, तळचं घेतलंत तर डोस पाचपट, आणि मग लोक म्हणतात की आयएनकेटीचे प्रयोग रिपीट होत नाहीत. कल्चरमध्ये १०० नॅनोग्रॅम प्रति मिली हा नेहमीचा आकडा, सुरुवात तिथून करा आणि खाली उतरत डोस कर्व्ह काढा.

पायरी ६: दाखवणारे सेल कुठले घ्यायचे

दोन रस्ते आहेत. एक, सीडी१ चं जीन घातलेली सेल लाइन, के५६२ किंवा सी१आर. के५६२ वर एचएलए जवळजवळ नसतं, म्हणून दुसऱ्या माणसाचे टी सेल्स टाकले तरी अलोरिॲक्शनचा (परक्या एचएलएला चिडण्याचा) गोंधळ होत नाही. पण सावधान, के५६२ हे एनके (नॅचरल किलर) सेल्सचं क्लासिक टार्गेट आहे, तेव्हा अख्खे पीबीएमसी (रक्तातले टी, बी, एनके, मोनोसाइट असे सगळे मिसळलेले सेल्स) टाकलेत तर एनके सेल्स तुटून पडतात आणि जो इंटरफेरॉन-गॅमा मोजाल तो त्यांचा असतो. शुद्ध टी सेल्स किंवा लाइनच वापरा, आणि जीन न घातलेले के५६२ शेजारच्या वेलमध्ये हवेतच.

दुसरा रस्ता मोनोसाइटपासून डेंड्रिटिक सेल्स बनवायचा, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ घालून. ताज्या मोनोसाइटवर पहिल्या ग्रुपचे सीडी१ नसल्यासारखेच असतात, या दोन सायटोकाइन्सनी ते वर येतात. इथं सीरमचा एक खोडा आहे, गाईच्या वासराचं सीरम वापरलं तर ए, बी, सी छान येतात, माणसाचं सीरम वापरलं तर ते दबतात आणि सीडी१डी वाढतं. हे सीरममधल्या लिपिड्समुळे होतं. त्यामुळे "माणसाचे सेल आहेत म्हणून माणसाचं सीरम घालू, जास्त नैसर्गिक" असा शहाणपणा केलात तर सीडी१बी चं स्टेनिंग शून्य येईल आणि तुम्ही अँटीबॉडीला दोष देत बसाल. लोड करायच्या आधी दर वेळी फ्लोवर सीडी१ बघूनच पुढं जा.

लोडिंगच्या वेळचं सीरम हा आणखी एक घोळ. सीरममधले लायपोप्रोटीन आणि अल्ब्युमिन लिपिड धरून ठेवतात, पण त्याच सीरममधलं एपोई (लिपिड वाहून नेणारं प्रोटीन) लिपिडला रिसेप्टरमार्फत डेंड्रिटिक सेलच्या आत नेऊनही सोडतं. चोर पण तोच आणि हमाल पण तोच. मी सुरुवात कमी सीरममध्ये दोन-चार तास लोडिंग आणि मग धुणं अशी करते, पण तुमच्या लिपिडला दोन्ही पद्धती एकदा लावून बघा.

पायरी ७: चाचणी (assay) लावणं आणि कंट्रोल

९६ वेलची प्लेट, प्रत्येक वेलमध्ये साधारण ५०,००० एपीसी आणि तेवढेच टी सेल्स, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी घेऊन एलायझा. इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-४ दोन्ही मोजा, कारण लिपिडची शेपटी आखूड केली तरी आयएनकेटीचा झुकाव बदलतो, ओसीएच नावाचं अल्फा-गॅलसरचं आखूड रूप आयएल-४ कडे ढकलतं. एकच सायटोकाइन मोजलंत तर "लिपिड काम करत नाही" असं चुकीचं लिहून बसाल.

कंट्रोलशिवाय ही चाचणी म्हणजे अंधारात तीर. नुसतं सॉल्व्हंट त्याच काचेच्या ट्यूबमध्ये सुकवलेलं हवं, सीडी१ नसलेले एपीसी हवेत, आणि सीडी१ ला अडवणारी अँटीबॉडी तिच्या आयसोटाइप कंट्रोलसकट हवी. शेवटचा फार कामाचा, कारण आयएनकेटी सेल्स टीसीआरशिवायही पेटतात. तुमच्या जंतूच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये एलपीएसचा (बॅक्टेरियाच्या आवरणातल्या, सेल्सना चेतवणाऱ्या रेणूचा) अंश असला की एपीसी आयएल-१२ सोडतात आणि तेवढ्यावर आयएनकेटी इंटरफेरॉन-गॅमा ओतायला लागतात, लिपिड अँटिजेनचा संबंध नसतानाही. खात्री करायची असेल तर एपीसी काढूनच टाका: प्लेटला सीडी१ चं शुद्ध प्रोटीन चिकटवा, त्यावर लिपिड लोड करा, धुवा, आणि टी सेल्स टाका. तिथं रिस्पॉन्स आला तर मग बोलायला तोंड आहे.

पायरी ८: टेट्रामर

सीडी१डी टेट्रामर २००० च्या सुमारास आले आणि हे क्षेत्रच बदलून गेलं. बऱ्याचदा त्यात पीबीएस५७ हे अल्फा-गॅलसरचं भावंड भरलेलं असतं. सोबत लिपिड न भरलेला टेट्रामर घ्यायचाच, त्याच्याशिवाय गेट कुठं काढायचं ते ठरवता येत नाही. आधी टेट्रामर, मग अँटी-सीडी३, उलटं केलं तर अँटीबॉडी मध्ये येऊ शकते.

आकड्यांचं गणित आधी करा. माणसाच्या रक्तात आयएनकेटी टी सेल्सच्या साधारण ०.०१ ते १ टक्का, बऱ्याच जणांत ०.१ च्या खालीच. तुम्ही ५०,००० टी सेल्स मोजून थांबलात आणि डोनरमध्ये ०.०२ टक्के असतील तर हातात येणार १० ठिपके, त्यावर काय बोलणार? १० लाख मोजा, २०० येतील. उंदराच्या लिव्हरमध्ये हे दुखणं नाही, तिथं लिम्फोसाइट्सचा मोठा हिस्सा हेच असतात.

सीडी१ चे टेट्रामर टीसीआर नसतानाही सीडी३६ ला चिकटतात, आणि मोनोसाइटवर सीडी३६ भरपूर असतं. म्हणून मोनोसाइट्स आणि मेलेले सेल्स आधी बाहेर काढा, बी सेल्स पण काढा, मगच टेट्रामरकडे बघा. ठिपक्यांचा सुंदर ढग दिसला आणि तो सीडी३ निगेटिव्ह असेल तर आनंद आवरा.

पायरी ९: उंदीर वापरणार असाल तर

सीडी१डी नॉकआउटमध्ये (हे जीन काढलेल्या उंदरात) आयएनकेटी तर जातातच, सीडी१डी वर अवलंबून असलेले बाकीचे एनकेटी पण जातात. फक्त आयएनकेटी घालवायचे तर जे-अल्फा १८ नॉकआउट, पण त्याच्या सगळ्यात जुन्या लाइनमध्ये शेजारच्या बऱ्याच जे-अल्फांचा वापरही बिघडलेला निघाला, म्हणजे साध्या टी सेल्सच्या टीसीआरमध्येही खोट. नंतर नवीन लाइन्स बनल्या. तुमच्या फ्रीझरमधली कुठली आहे ते विचारून घ्या.

आणि उंदराला अल्फा-गॅलसर टोचून काही तासांनी टेट्रामर लावला आणि आयएनकेटी गायब दिसले तर घाबरू नका. पूर्वी लोकांना वाटायचं की मेले. मेलेले नसतात, टीसीआर आत ओढून घेतलेला असतो म्हणून टेट्रामरला धरायला काही उरत नाही, पुढच्या काही दिवसांत ते परत दिसतात आणि वाढतात. त्यानंतर मात्र काही आठवडे ते सुस्त असतात, दुसऱ्या डोसला नीट उत्तर देत नाहीत. त्यामुळे "तोच उंदीर पुढच्या आठवड्यात परत वापरू" हे डोक्यातून काढा.

डोनरबद्दल एक राहिलं. एचएलएची हजारो रूपं आहेत, सीडी१ मात्र माणसामाणसात जवळजवळ सारखं, म्हणून टाइपिंग करत बसायची गरज नाही, एका डोनरचे टी सेल्स आणि दुसऱ्याचे एपीसी चालतात. चालतात म्हणजे सीडी१ च्या बाजूनं चालतात. त्या दुसऱ्याच्या डेंड्रिटिक सेलवर त्याचं एचएलए आहेच आणि ते बघून टी सेल्स भडकणारच, म्हणून लिपिड न टाकलेलं वेल प्रत्येक जोडीसाठी वेगळं लावा. आणि एखाद्या डोनरमध्ये आयएनकेटी सापडलेच नाहीत तर प्रोटोकॉल उलटापालटा करण्याआधी दुसऱ्या दोन डोनरचं रक्त बघा, काही जणांत ते खरोखरच इतके कमी असतात.